संगीत शिकून पुढे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जूनमध्ये नवे वर्ग सुरू झाले की पहिला आठवडा आमच्याकडे गाण्यापेक्षा बोलणंच जास्त होतं. पालक चपला काढता काढता विचारतात, मोठी मुलं वर्ग सुटल्यावर घुटमळत विचारतात. प्रश्न तेच, उत्तरंही तीच, म्हणून एकदाची लिहून ठेवतोय. मी पंचवीस वर्षं पेटी वाजवतो आणि शिकवतो. उत्तरांचा कल पेटीवाल्याचा आहे, हे धरून वाचा.

सर, मुलगी छान गाते. पण सगळेच काही मोठे गायक होत नाहीत. मग हिचं पुढे काय?

यंदा एखाद्या दिवाळी पहाटेला जा आणि गाणं ऐकता ऐकता माणसं मोजा. मधोमध गायिका, ती एक. दोन्ही बाजूंना तबला आणि पेटी, मागे तंबोऱ्यावर तिच्या दोन शिष्या, कडेला सिंथेसायझर आणि साइड ऱ्हिदमवाला. निवेदिका, आणि तिच्या हातातली संहिता लिहून देणारं कुणीतरी. प्रेक्षकांच्या पाठीमागे मिक्सरवर साउंडवाला आणि त्याची दोन पोरं. दिवे सांभाळणारा, चित्रीकरण करणारा. सभागृह धरणारा, पोलिसांची परवानगी आणणारा, गाणी जाहीरपणे सादर करायचा परवाना काढणारा. आदल्या आठवड्यात तबल्याची पुडी, म्हणजे त्याच्या तोंडावरचं कातडं, बदलून देणारा कारागीर तर तिथे दिसतही नाही. पंधरा-वीस माणसांच्या घरी त्या पहाटेचे पैसे जातात आणि त्यात मधोमध बसून गाणारी एकच. आपण मात्र वर्गातल्या सगळ्या मुलांना त्या एकाच जागेसाठी तयार करतो आणि उरलेल्या जागांबद्दल अवाक्षर काढत नाही.

मुलगी गातेय तर गाऊ द्या, गाणं अजिबात सोडवू नका. फक्त उरलेल्या जागांवर कोण बसतं आणि ती माणसं नेमकं काय करतात, हे तिला दिसत राहू द्या.

विशारद झालं की नोकरी मिळते का?

विशारद ही संगीताच्या परीक्षांमधली वरची पायरी, अलंकार तिच्याही वरची. पण नुसत्या विशारदवर नोकरी नाही. शाळेत संगीतशिक्षक व्हायचं असेल तर जाहिरातीत विशारद, अलंकार किंवा विद्यापीठाची पदवी यांपैकी काय मागितलंय ते बारकाईने वाचा; प्रत्येक ठिकाणची अट वेगळी असते. खासगी शिकवणीला मात्र विशारदचा उपयोग नक्की होतो, कारण पालक प्रमाणपत्र बघतात.

या परीक्षांमागचा मूळ विचार आपण विसरलोय, असं मला वाटतं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा फक्त मैफलीचे गवई घडवणं हा त्यांचा हेतू नव्हता. त्यांनी 'उपदेशक वर्ग' चालवला, म्हणजे गावोगावी जाऊन संगीत शिकवतील अशी माणसं तयार केली. स्वतःचा छापखाना घातला, संगीताची पुस्तकं छापली. त्यांच्या शिष्यांनी पुढे १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं आणि प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतची शिडी घराघरात पोचली. शिडी आली, पण उपदेशक वर्गाची तयारी मागेच राहिली. आज विशारद झालेल्या मुलाला दहा वर्षांच्या पोराला 'सा' कसा लावायला शिकवायचा, हे कुणी शिकवलेलं नसतं. तो आपल्याला शिकवलं तसंच शिकवतो, चुकांसकट.

फक्त दहावीच्या वाढीव गुणांसाठी परीक्षा दिल्या तर चालेल?

चालेल. त्यात लाज कसली? पण गुण मिळाल्यावर पेटी माळ्यावर टाकणार असाल तर आत्ताच सांगा, म्हणजे आम्ही अलंकारची स्वप्नं बघत बसणार नाही.

बारावीनंतर संगीतात पदवी कुठे करता येते?

मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग १९६९ पासून आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. १९८७ साली सुरू झालेल्या या केंद्राला 'गुरुकुल' असंही म्हणतात. तिथे संगीताची मुलं नृत्य आणि नाटकाच्या मुलांच्या शेजारी वाढतात, आणि माझ्या मते त्या जागेचा सगळ्यात मोठा फायदा तोच. नाटकाला संगीत लागतं, कथकला लेहरा, म्हणजे ताल धरून ठेवणारी फिरती सुरावट, लागतो. पहिलं काम बहुतेक वेळा शेजारच्या वर्गातूनच येतं. मुलींसाठी एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे. गोव्यात गोवा कॉलेज ऑफ म्युझिक आणि कला अकादमी.

एक गोष्ट मात्र दहावीतच कानावर घालून ठेवतो. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइनचा अभ्यासक्रम आहे. त्याला पदवी लागतेच, शिवाय बारावीला फिजिक्स असावं लागतं. 'गाणं करायचंय ना, मग आर्ट्स घे' असा सल्ला मिळालेली मुलं पदवीनंतर त्या दारापर्यंत जातात आणि माहितीपत्रक वाचून परत येतात. आर्ट्स घ्यायला माझी हरकत नाही, पण कुठलं दार बंद होतंय ते ठाऊक असू द्या. त्या त्या वर्षीची अट संस्थेच्या माहितीपत्रकातच तपासा.

आम्ही गुरूसमोर बसून शिकतो. नोटेशन वाचायची काय गरज?

याचं उत्तर गोव्यात आहे. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत पोरांना अक्षरओळखीबरोबर पाश्चात्त्य स्वरलिपीही शिकवत. व्हायोलिन हातात यायच्या आधी मुलाला कागदावरचा स्वर वाचून गाता यायचा. मूळ हेतू चर्चच्या उपासनेचा होता. पण पुढे हीच मुलं पोटापाण्यासाठी मुंबईत आली, हॉटेलांच्या जॅझ बँडमध्ये वाजवू लागली आणि तिथून हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला पोचली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ही त्यातली मोठी नावं.

तिथे त्यांच्यावाचून अडायचं, कारण संगीतकाराच्या डोक्यात चाल असायची, रागाची समजही असायची, पण समोर बसलेल्या तीस व्हायोलिनवाल्यांना कोणी काय वाजवायचं हे कागदावर लिहून द्यायला माणूस लागायचा. संगीतकार पेटीवर सरगम म्हणून दाखवायचे, हे गोवेकर वादक ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवायचे, मग तिच्यावर सुरावटींचे थर चढवायचे. याला अरेंजरचं काम म्हणतात. पडद्यावर त्यांची नावं क्वचितच आली, हा अन्याय झालाच. पण खेड्यातल्या शाळेत शिकलेलं वाचन-लेखन त्यांना स्टुडिओपर्यंत घेऊन गेलं, हे विसरून कसं चालेल?

म्हणून आमच्याकडे मध्यमा परीक्षेच्या पुढच्या मुलांना आपल्या संगीताची भातखंडे स्वरलिपी येतेच, आणि पाच रेघांवरची तोंडओळखही करून देतो. गुरूसमोर बसून शिकलेलं त्याने पुसलं जात नाही. बंदिशीतली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, कागदावर मावत नाही हे मलाही कळतं. पण नाटकाच्या तालमीत कुणी पान पुढे केलं तर 'मला वाचता येत नाही' म्हणायची वेळ येऊ नये.

साथीदार होणं म्हणजे दुय्यम नाही का?

हा प्रश्न पेटीवाल्याला विचारताय!

आमच्या वाद्याला आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत दार बंद केलं होतं. त्यामुळे अपमान गिळायची आम्हाला सवय आहे. पण हिशोबाचं बोलू. गायकाला त्याची स्वतःची मैफल मिळते तेव्हाच काम मिळतं. चांगल्या साथीदाराला शास्त्रीय, नाट्यसंगीत, सुगम, कीर्तन, भजन, कथकचे वर्ग, शाळांची गॅदरिंग, स्पर्धा, सगळीकडून फोन येतात. पखवाज नीट वाजवणाऱ्या पोराला सप्ताहांच्या दिवसांत दोन गावांना नाही म्हणावं लागतं.

यातलं कौशल्य मात्र परीक्षेत मोजलं जात नाही. गायिका पांढरी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी 'सा' धरून, गाणार असं ठरलेलं असतं, सकाळी घसा बसतो आणि मंचावर चढता चढता ती म्हणते, 'दादा, आज पांढरी चार.' त्या क्षणी सगळी बोटं सरकवून वाजवता आलं पाहिजे. दुसरं म्हणजे गप्प बसणं. तान चालू असताना मागे मागे सगळंच वाजवत सुटणारा पेटीवाला दुसऱ्यांदा बोलावला जात नाही. हे शिकायला लहान मुलांच्या वर्गात रोज तासभर साथ करण्यासारखा दुसरा उपाय नाही. चुकलेला सूर, सुटलेली सम, मध्येच रडू येणं, सगळं सांभाळावं लागतं.

वाद्यं बनवणं, दुरुस्त करणं हे करिअर होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि माझ्या मते सगळ्यात कमी गर्दीचं.

मिरजेला सतारमेकर गल्लीत जाऊन या. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं दुरुस्त करायला सुरुवात केली आणि मग ती घडवायला लागले. तलवारींचे दिवस सरत होते आणि हातात कसब होतं. आडनावच सतारमेकर झालं. पंढरपूर भागातून भोपळे येतात, वाळवले जातात, कापले जातात, त्यावर तबली आणि दांडी बसते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण मानांकनाने नाव टिकतं. गल्लीतल्या पोराने कानस हातात धरायची की शहरात नोकरी धरायची, हे त्याच्या हातात पडणाऱ्या पैशावर ठरतं.

त्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे जवारी. तार घोडीला जिथे टेकते, तिथला पृष्ठभाग कानशीने इतका हलका उतरवायचा की तार त्याला जेमतेम घासून जाईल. मग एका सुरातून स्वरांचा अख्खा पसारा उठतो. एक हात जास्त फिरला तर तार बसल्या आवाजात बोलते. हे मोजपट्टीने होत नाही, कानाने होतं. म्हणजे इथे गाणं शिकलेल्या मुलाचा कान हेच भांडवल.

घडवणं फार दूरचं वाटत असेल तर दुरुस्तीपासून सुरुवात करा. तबल्याची पुडी चढवणं, पेटीचा भाता बदलणं, उतरलेले सूर घासून जुळवणं. तालुक्याच्या गावी पेटी बिघडली तर किती दिवस अडून राहते, हे आमच्या कुठल्याही मास्तरांना विचारा. माझी स्वतःची पेटी गेल्या पावसाळ्यात तीन आठवडे दुरुस्तीवाल्याच्या रांगेत होती. तिथे दुसरा दुरुस्तीवाला असता तर त्यालाही रांग लागली असती.

मुलाला साउंडमध्ये रस आहे. कोर्स आधी की काम आधी?

काम आधी, निदान एक हंगाम. गणपती ते दिवाळी एखाद्या साउंडवाल्याबरोबर फिरू दे. पहिला महिना तो वायरी गुंडाळेल. त्या नीट गुंडाळणं हीसुद्धा विद्या आहे, पीळ पडलेली वायर ऐन कार्यक्रमात दगा देते. माइक शिटी का मारतो, गायकासमोरच्या मॉनिटरमध्ये काय सोडायचं आणि काय नाही, रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा नियम कुठे लागतो आणि वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट कशी मिळते, हे सगळं तिथे कळतं. मग ठरवू दे, मैदानातलं काम हवंय की स्टुडिओतलं. दोन्हींचा स्वभाव वेगळा. मैदानात चूक दुरुस्त करायला तीन सेकंद असतात, स्टुडिओत अख्खी रात्र.

गाणं शिकलेला साउंडवाला मिळाला की आम्हाला सण वाटतो. तंबोरा ही कुरकुर नसून कार्यक्रमाचा पाया आहे, हे त्याला सांगावं लागत नाही.

स्वतःची गाणी केली तर पैसे कसे येतात?

थेंब थेंब येतात, आणि नोंदणी नसेल तर तेही नाहीत. गीतकार आणि संगीतकार यांच्यासाठी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे, तिचं सभासद व्हा. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. गाणं कंपनीला विकलं तरी थिएटरमध्ये सिनेमाबरोबर वाजण्याखेरीज इतर वापराच्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकारांचा समान वाटा कायम राहतो, तो लिहूनही सोडता येत नाही. 'सगळे हक्क कायमचे तुमचे' असं छापलेल्या करारावर सही करण्यापूर्वी एवढं लक्षात असू द्या. आणि चार मित्रांनी मिळून गाणं केलं तर कुणाचा वाटा किती, हे गाणं गाजायच्या आधी लिहून काढा. गाजल्यावर मैत्री राहत नाही.

'अभंग तर तुकोबांचा, मग हक्क कुणाचा?' असं मुलं विचारतात. शब्द सगळ्यांचे, बरोबर. पण तुम्ही ज्या चालीत तो म्हणताय, ती गेल्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराने बांधलेली असू शकते. चालीवरचा हक्क संगीतकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. तुमच्या व्हिडिओवर हरकत येते ती याच कारणाने. उपाय सोपा आहे. शब्द तुकोबांचे घ्या, चाल स्वतः बांधा.

परदेशातल्या मुलांना ऑनलाइन शिकवून घर चालतं का?

काहींचं उत्तम चालतंय. पुण्यात सकाळी सहाला बसलात तर न्यू जर्सीत उन्हाळ्यात आदल्या संध्याकाळचे साडेआठ झालेले असतात, हिवाळ्यात साडेसात. नोव्हेंबरात आणि मार्चमध्ये तिकडची घड्याळं सरकतात, तेव्हा अर्धा वर्ग गैरहजर राहतो. दरवर्षी.

तंत्राची एक अडचण कधीच सुटत नाही. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे दोघांनी एका वेळी गाणं जमत नाही, तबल्याची साथही जमत नाही. ठेका आणि तंबोरा विद्यार्थ्याच्याच खोलीत वाजला पाहिजे. तुम्ही फक्त ऐकायचं आणि थांबवायचं. शिवाय तिथल्या मुलांना बंदिशीचे शब्दच नव्हेत, कधी कधी मराठी गाण्यातलं 'सखी' आणि 'साजणी'सुद्धा उलगडून सांगावं लागतं. शिकवण्याची पद्धत मुळातून बदलावी लागते. ज्यांनी ती बदलली, त्यांच्याकडे प्रतीक्षायादी आहे.

मानधन किती सांगायचं?

आकडा मी सांगणार नाही. गाव, कार्यक्रम आणि तुमचा अनुभव यावर तो ठरतो. पद्धत सांगतो. जुन्या तमासगिरांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळायचं. सुपारी ठरली की इसार हातात, मगच तारीख वहीत. आपण सुशिक्षित माणसं 'बघू, तुम्ही द्याल ते' म्हणतो आणि नंतर महिनाभर फोन करत बसतो. फोनवर ठरलेलं त्याच दिवशी मेसेजवर लिहून पाठवा. तारीख, वेळ, किती तास, प्रवास कुणाचा, जेवण-मुक्काम कुठे, आगाऊ किती, उरलेले कधी. साथीदाराचे पैसे वेगळे लिहा, गायकाच्या पाकिटातून मिळतील या भरवशावर राहू नका. 'तुम्हाला प्लॅटफॉर्म मिळेल' असं म्हणणाऱ्याला विचारा, मांडववाल्यालाही प्लॅटफॉर्मच देताय का?

कराचं थोडक्यात. शास्त्रीय किंवा लोकसंगीताच्या एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. टीडीएस कापला गेला असेल तर विवरणपत्र भरा. जास्तीचा कर परत मिळतो. कितीतरी कलावंत ते पैसे आळसाने सोडून देतात.

शिष्यवृत्ती असते का?

असते. केंद्र सरकारच्या सीसीआरटी (सेंटर फॉर कल्चरल रिसोर्सेस अँड ट्रेनिंग) या संस्थेची १० ते १४ वयाच्या मुलांसाठी एक योजना आहे. १८ ते २५ वयोगटातल्या तरुण कलावंतांसाठी दुसरी आहे, तिच्यात महिना ५,००० रुपये दोन वर्षं मिळतात. अर्जासाठी गुरूंची सही लागते, शेवटच्या दिवशी सकाळी सातला दार वाजवू नका.

यंत्रं आता गाणी करतात. मग हे सगळं शिकून उपयोग?

स्वस्तातल्या जाहिरातींचं आणि व्हिडिओमागे भरायचं संगीत यंत्राकडे जाईल, जायलाही लागलंय. त्यावर जगणाऱ्यांना फटका बसेल. कीर्तनकार बुवांनी ऐनवेळी चाल बदलली तर सावरून घ्यायला मात्र अजून कुणी यंत्र बोलावलेलं मी पाहिलं नाही.

मग तुमच्या वर्गात वेगळं काय शिकवता?

याचं मूळ माझ्या एका चुकीत आहे. काही वर्षांपूर्वी आमची एक विद्यार्थिनी, विशारदला उत्तम गुण मिळवलेली, बाहेरगावी गायला गेली. कार्यक्रमाच्या आधी तिचं इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचं यंत्र बंद पडलं. आयोजकांनी आतून खराखुरा तंबोरा आणून दिला. तो तिला जुळवता येईना. आठ वर्षं माझ्याकडे शिकली होती आणि आठही वर्षं मी स्वतः तंबोरा जुळवून तिच्या हातात दिला होता. शेवटी तबलजींनी जुळवून दिला. ती परत आली तेव्हा माझ्यावर चिडली नाही, याचंच मला जास्त लागलं.

तेव्हापासून प्रवेशिका या सुरुवातीच्या परीक्षेपासून पुढचा प्रत्येक जण तंबोरा स्वतः जुळवतो, कितीही वेळ लागो. वार्षिक कार्यक्रमात आळीपाळीने प्रत्येक जण एकदा मिक्सरमागे बसतो, एकदा निवेदन लिहितो, एकदा सभागृहाच्या व्यवस्थापकाशी स्वतः बोलतो. मोठी मुलं लहानांना शिकवतात आणि मी कोपऱ्यात बसून त्यांचं शिकवणं ऐकतो. वर्षातून एकदा प्रत्येकाने एका काल्पनिक कार्यक्रमाचं बिल लिहून आणायचं. पहिल्या वर्षी निम्म्यांनी तबलजीचे पैसेच लिहिले नव्हते. पालकांपैकी काही म्हणाले, 'सर, गाण्याचा वेळ वाया जातोय.' दोघांनी मुलं काढूनही घेतली.

मी चौतिशीची आहे. आत्ता सुरू केलं तर उशीर झालाय का?

ख्यालाच्या मैफलीसाठी बहुधा हो. भजनी मंडळाला शिकवायला, बालवाडीत गाणी घ्यायला, निवेदन-संहिता लिहायला, कार्यक्रमांचं आयोजन करायला नाही. आमच्याकडे सध्या सगळ्यात चांगलं आयोजन करणाऱ्या बाई पंधरा वर्षं बँकेत होत्या. इसार मागताना त्यांचा आवाज हलत नाही.

पहिल्या दिवशी येताना काय आणायचं?

वही, पेन्सिल, खोडरबर. आणि अर्धा तास लवकर या, तंबोरा जुळवायचाय.